एक वर्ग मागं

भुजंगभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो. गोवरात त्याचे डोळे गेले, पुढची दोन वर्षं घरात बसण्यात गेली आणि तोवर मी त्याला गाठलं. नववीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. फळ्यावरचं मी त्याच्या कानात वाचायचे. मास्तर म्हणायचे, "भुजंगच्या डोक्याला तोड नाही." त्या डोक्यात ओतणारं तोंड कुणाचं, हे कधी कुणी विचारलं नाही.

दहावीच्या तोंडावर मास्तरांनी नियम सांगितला. अंध मुलाला परीक्षेत लेखनिक मिळतो. त्यानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. पण लेखनिक त्याच्याच वर्गातला चालत नाही, निदान एक वर्ग मागचा पाहिजे. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, एका रात्रीत तोड काढली. मला शाळेतून काढलं आणि वर्षभर घरी बसवलं.

"एक साल मागं राह्यली तं काय बिघडतंय?" ते मायला म्हणाले. "पोरीची जात. बाहेरच्या पोरानं उलटंसुलटं लिहिलं म्हंजी भुजंगाचं वाटोळं व्हईल. घरचं माणूस ते घरचं."

 माय भाऊसाठी राजूरच्या गणपतीला नारळ बोलत होती.

त्या वर्षी मी शेण काढलं, भाकरी थापल्या आणि संध्याकाळी त्याला दहावीची पुस्तकं वाचून दाखवली. दहावीचा त्याचा पेपर मी लिहिला. पुढच्या वर्षी माझी दहावी झाली आणि मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले. गाव काय म्हणालं? "भावाचं ऐकून ऐकून पोरगी हुशार झाली." ते वाक्य मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही.

बारावीनंतर फाट्यावरच्या कॉलेजात तो बी.ए.ला गेला, मागोमाग वर्षभरानं मी. त्यानं इतिहास घेतला. मलाही इतिहासच हवा होता, त्याची सगळी पुस्तकं मीच तर वाचत होते. पण तिथं विद्यापीठाचा आणखी एक नियम आडवा आला: लेखनिकाचा तो विषय नको. मग मला गृहअर्थशास्त्र घ्यायला लावलं. कडधान्याला मोड कसे आणावेत हे मी विद्यापीठाकडून शिकले. मायनं ते फुकट शिकवलं असतं.

लेखनिक नात्यातला नसावा असंही एक कलम होतं. पण खेड्यात दुसरा लेखनिक आणायचा कुठून, म्हणून परीक्षाप्रमुख तौर सर डोळेझाक करायचे.

भाऊच्या पेपरासाठी ऑफिसशेजारची खोली मिळायची. अख्ख्या कॉलेजात पंखा होता तो फक्त त्या खोलीत आणि प्राचार्यांच्या. दाराशी एक पर्यवेक्षक डुलक्या घ्यायचा. भाऊ सांगायचा, मी लिहायचे. तो फार हळू सांगायचा. एक वाक्य तोंडात घोळवायचा, अर्ध्यावर सोडायचा, परत पहिल्यापासून धरायचा. मला पुढचं माहीत असायचं. मी पेनाच्या टोकानं टेबलावर टकटक करायचे. तो गप्प झाला की मीच वाक्य पुरं करून पुढं सरकायचे. एका मुद्द्याचे तीन करायचे, विसरलेलं नाव घालायचे, उत्तराला शेवट द्यायचे. पर्यवेक्षकाला काय, पेन चालतंय एवढंच दिसायचं.

एका वर्गाचे पेपर सकाळी असत आणि दुसऱ्याचे दुपारी, म्हणून हे जमायचं. सकाळी त्याचे तीन तास, वर सवलतीचा अर्धा तास. घाईघाईत दोन घास खाऊन दुपारी माझा पेपर. हाताची बोटं वळायची नाहीत. सवलत त्याला आणि पेटके मला.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी त्याला फर्स्ट क्लास मिळाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा. स्नेहसंमेलनात त्याला शाल दिली, प्राचार्य त्याच्या जिद्दीवर अर्धा तास बोलले, आणि मी स्टेजच्या पायरीशी त्याची काठी आणि नारळ धरून उभी होते. फोटोत माझं कोपर आलं आहे. मी जळत होते, ते सरळ सांगते. ते मार्क माझे होते. माझ्या हातानं, माझ्या डोक्यानं मिळवलेले होते आणि शाल त्याच्या खांद्यावर होती.

तरी मी एक हिशोब मनाशी धरून होते. तो बी.ए. झाला की सुटला, आणि मी त्याच्यामागून एका वर्षात. मग बी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं, माझ्या नावानं मला हाक मारायला लावायची. एकच वर्ष मागं आहे मी, जास्त नाही, असं मी स्वतःला बजावायचे.

त्याच्या तिसऱ्या वर्षी, एक्क्याण्णव साली, वेळापत्रक बदललं.

विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीनं सिनेटमध्ये मुद्दा मांडला होता की मराठवाड्याच्या उन्हात भर दुपारी पेपर घेणं म्हणजे पोरांना भाजून काढणं आहे. ठराव पास झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सकाळी, एकाच वेळी. पहिल्या वर्षाचे ते सगळे संपल्यावर, तेही सकाळीच. आमच्या कॉलेजात पोरांनी गुलाल उधळला. मी गुलालातून वाट काढत बोर्डाशी गेले आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. त्याचा प्रत्येक पेपर माझ्या पेपरावर येऊन बसला होता. एकही सुटा नव्हता.

संध्याकाळी घरी सांगितलं. आबांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला.

"मंग तू पुढल्या साली दे."

"कामून? पुन्हा मीच कामून?"

"त्याचं शेवटचं साल हाय बेबे. तुझं काय, आज न्हाई तं उद्या."

"दुसरा लेखनिक भेटत न्हाई का? नियमात हाय."

"बाहेरची पोरं काय लिहून ठिवतील, कुणाला ठाव! बिलकुल न्हाई."

मी ताटावरून उठले. उठताना भाऊकडं पाहिलं. तो कालवणात भाकरी चुरत होता, शांतपणे, कण बाहेर सांडू न देता.  त्याच्या त्या शांतपणाचा मला इतका संताप आला की त्याचा पाण्याचा तांब्या हात पुरणार नाही अशा जागी सरकवून मी बाहेर गेले. थोड्या वेळानं माय आली आणि तिनं तो जागेवर ठेवला. त्याचं कुठलंही काम अडायचंच नाही आमच्या घरात.

दोन दिवस मी घुम्यासारखी वावरले. तिसऱ्या दिवशी तौर सरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. वाटलं होतं, एखादा पेपर तरी विद्यापीठ पुढं सरकवेल.

सर हसले. "अगं, एका पोरीसाठी विद्यापीठ वेळापत्रक हलवतं का? आणि तुला कशाला हवंय? तू तर मोकळी झालीस."

"म्हणजे?"

"भुजंग परवा येऊन गेला. एकटाच आल्ता, काठी टेकत. म्हणला, 'सर, नात्यातला लेखनिक चालत न्हाई असं कलम हाय ना? मंग माझी बहीण कशी चालून राह्यली? मला दुसरा द्या.' आता त्यानंच बोट ठेवलं म्हणल्यावर मी काय डोळेझाक करणार? अकरावीतली तुळजा नेमलीय. तीर्थपुरीची पोरगी. अक्षर बघ तिचं, मोत्यासारखं!"

त्यांनी मला तिची वही दाखवली. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं.

मी सुटले होते. माझे पेपर मला देता येणार होते, माझं वर्ष वाचलं होतं. जे मागायला गेले ते मागायच्या आधीच पदरात पडलं होतं. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नको? इतकी वर्षं घसा कोरडा करून ज्याला वाचून दाखवलं, त्याला मी नको? आणि हे मला सरांच्या तोंडून कळावं?

घरी आबांनी माझ्यावरच तोफ डागली. त्यांना वाटलं, सरांचे कान मीच फुंकले. "स्वतःच्या पेपरापायी भावाच्या पायावर धोंडा टाकला," म्हणाले. मी भाऊकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "नियम हाय, आबा. बराबर हाय," आणि खाटेवर पडून राहिला. मी त्याला एकटं गाठून विचारलं, "मी काय वाईट लिहिलं तुझं?"

"तू लई चांगलं लिहिलं," तो म्हणाला. त्याच्या पुढं जायला तयारच नाही.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी लायब्ररीत तुळजाबरोबर सरावाला बसायला लागला. मी समोरच्या बाकावर गृहअर्थशास्त्र उघडून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाही. तुळजा पंधरासोळा वर्षांची, दोन वेण्या, तीर्थपुरीहून एसटीनं यायची. तिला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. निजामशाही म्हणजे हैदराबादचाच निजाम, असं तिला वाटत होतं. मला तोंडात पदर कोंबावा लागला. पण भाऊ चिडला नाही. हसला, आणि तिला अहमदनगरची निजामशाही पहिल्यापासून समजावून सांगितली. मला त्यानं कधी काही समजावलं नव्हतं. मी संधीच कुठं दिली असेल म्हणा, पण समजावलं नव्हतं हे खरं.

"भुजंगदादा, परत एकदा म्हणा," ती म्हणायची, आणि तो परत म्हणायचा. वाक्य अर्ध्यावर राहिलं की ती पेन उचलून गप्प बसायची. टकटक नाही, उसासा नाही. मग ते वाक्य कुठूनसं फिरून यायचं. तो हसायचा, ती लिहायची. ती त्याला चहाचा कप हातात देताना कपाचा कान त्याच्या बोटाकडं करायची. मी आयुष्यभर कप त्याच्यासमोर ठेवून "चहा" एवढंच म्हणत आले होते. तिचं ते शहाणपण बघून मला तिच्या वेण्या उपटाव्याशा वाटल्या.

आता बघू मार्क, असं मी मनात म्हणायचे. निकाल लागू दे. मग कळेल सगळ्या गावाला, फर्स्ट क्लास कुणाचा होता ते.

परीक्षा सुरू झाली. मी पत्र्याखालच्या हॉलमध्ये घामानं भिजत लिहीत होते आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं ताजी होती. पेपर भराभर गेले. त्याच्या इतिहासाच्या पेपरादिवशी माझी घंटा झाली, पोरं पांगली. त्याचा सवलतीचा अर्धा तास बाकी होता. मी व्हरांड्यात त्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन टेकले.

आतून त्याचा आवाज येत होता. मलिक अंबरवरचं उत्तर चाललं होतं. त्यानं मलिक अंबरच्या मृत्यूचं साल दहा वर्षं पुढं सांगितलं. माझी जीभ वळवळली. तुळजानं निमूटपणे ते चुकीचं साल लिहिलं असणार. बरं झालं, असं मी मनात म्हटलं, आणि ते मनापासून होतं.

मग तो म्हणाला, "लिही. मलिक अंबरनं गावचा वसूल गावच्याच माणसांवर सोपवला. यात त्याचा मोठेपणा आहे. ज्याचं काम दुसराच करून टाकतो, त्याला ते काम कधी आपलं वाटत नाही. पूर्णविराम."

 हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्याची सगळी पुस्तकं मीच वाचली होती, मला ठाऊक आहे. हे मी असते तर मी लिहिलंच नसतं. "ज्याचं काम" म्हणून तो थांबला असता, मी टकटक केली असती, आणि तिथं वसुलाचे तीन मुद्दे घालून पुढं गेले असते. इतक्यात शिपायानं मला हटकलं, "ए ताई, खिडकीशी उभं राहायचं न्हाई," आणि मी लिंबाखाली जाऊन बसले.

निकाल जूनच्या शेवटाला लागला. त्या दिवशी भाऊ माझ्याबरोबरच आला, माझं कोपर धरून. बोर्डाशी ही गर्दी. मी त्याला खांबाशी उभं केलं आणि आत घुसले. आधी माझा नंबर शोधला. फर्स्ट क्लास. मग त्याचा. तिसऱ्या वर्षाच्या फर्स्ट क्लासच्या यादीत दोनदा वरून खाली पाहिलं. नव्हता. पुढच्या यादीत होता, सेकंड क्लासमध्ये.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उकळ्या फुटल्या. सहा वर्षांचं माझं येणं एका कागदावर लिहून समोर चिकटवलं होतं. मी खांबापाशी आले आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, मला फर्स्ट क्लास. तुला सेकंड."

"सेकंड?" तो म्हणाला. "बराबर पाह्यलं का?"

"दोनदा पाह्यलं."

मला वाटलं, त्याचा चेहरा पडेल. त्यानं काठी काखेत धरली, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि तो हसायला लागला. असा हसला की शेजारची पोरं वळून बघायला लागली.

"सेकंड क्लास!" तो म्हणाला. "आयला, बेबे, सेकंड क्लास आला!"

"येडा झाला का? फर्स्ट गेला तुझा."

"तो माझा कव्हा होता?"

 फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. तिथं त्यानं आपण होऊन सांगितलं, म्हणजे मी इतके दिवस विचारत होते ते.

"मी तुला सोडवलं असं समजू नको. तुझं साल वाया जाऊ नये हे होतंच. आबांना मी म्हणलो असतो तं त्यांनी ऐकलं नसतं, म्हणून नियम पुढं केला. पण खरं ते न्हाई. मी कटाळलो होतो."

"मला?"

"लोकायच्या बोलण्याला. 'पेपर तं बहीणच लिहिती. डोकं तिचंच हाय, यो नुसता बसून राह्यतो.' शाल दिली त्या दिवशी माझ्या पाठीमागच्या रांगेत मास्तर बोलून राह्यले होते. 'शाल त्या पोरीला द्यायची तं याला दिली.' तू पुढं गेली की लोक माझ्या मागं बोलायचे. दिसत न्हाई त्याला ऐकूबी येत न्हाई, असं वाटतं लोकायला."

मी रसाचा ग्लास खाली ठेवला. "कोण म्हणायचं असं?"

"कोण न्हाई म्हणायचं? सगळे. गावात, कॉलेजात, एसटीत. आबा सुदिक. मायला म्हणत होते एकदा, 'पोरगी पोरगा असती तं कलेक्टर झाली असती.' मला लई जळजळ व्हायची तुझी, बेबे. रातरात झोप न्हाई यायची. तू टकटक केली की वाटायचं, झालं, आता हीच सांगणार आणि हीच लिहिणार."

 असं एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकावं म्हणून मी सहा वर्षं टपून बसले होते. एक वाक्य. लोक ते म्हणत होते, आबासुद्धा म्हणत होते, आणि ते सगळं जाऊन त्याच्याच कानात पडत होतं. माझं कौतुकदेखील त्यालाच मिळत होतं.

"मला कामून न्हाई सांगितलं?" मी ओरडलेच. "माझं होतं ते! मला सांगायचं होतंस!"

"कसं सांगणार?" तो म्हणाला. "मी जळत होतो ना."

त्याला ते इतकं सोपं वाटत होतं. त्यानं रस संपवला आणि रसवंतीवाल्या कचरूला हाक मारली. "कचरूमामा, आपुन बी.ए. झालो. सेकंड क्लास!" कचरूनं चरक थांबवून त्याचा हात हातात घेतला. "हिला फर्स्ट आला," भाऊ माझ्याकडं मान वळवून म्हणाला. कचरू म्हणाला, "वा वा, ताई तं हुशारच हाय पहिल्यापासून." हे तर मला कधीचंच माहीत असणार, अशा थाटात तो म्हणाला आणि परत भाऊकडं वळला, "काय रे भुजंगा, सगळा तूच सांगितला का पेपर?"

"सगळा. एक साल चुकलं, तेबी मीच चुकलो," भाऊ छाती काढून म्हणाला.

एसटी आली. मी त्याला कोपर दिलं, त्यानं ते धरलं, आणि आम्ही आत जाऊन बसलो. वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, कंडक्टरला सांगितलं, मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यालाही सांगितलं. म्हातारा म्हणाला, "जिता राहा बाबा." खिडकीतून तोंडावर गरम वारा येत होता. माझ्यापाशी फर्स्ट क्लास होता, त्यातला एकेक शब्द माझा होता, आणि त्यात माझी एकही चूक नव्हती, एकही वाक्य पुस्तकाबाहेरचं नव्हतं. मी शेजारी बसून त्याच्या सेकंड क्लासवर जळत होते.